उरिएल उएस्काचे अकरा गोल

बेपत्ता नोंदणीच्या कार्यालयात कारकुनाने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि त्यावर बोट ठेवलं.

“हाच ना तुमचा मुलगा? उरिएल उएस्का तेपोले. जन्मतारीख, गाव, सगळं जुळतंय.”

ओबदुलियाने मान पुढे केली. पडद्यावर तिच्या धाकट्याचा फोटो होता, फुटबॉल लीगच्या ओळखपत्रावरचा. केस ओले करून बसवलेले, ओठावर मिशीची एक रेघसुद्धा नाही.

“हाच,” ती म्हणाली.

“मग बाई, हा परवा खेळलाय. शनिवारी. उत्तरार्धात गोलही केलाय त्यानं.” कारकून खालचे आकडे वाचू लागला. “तेवीस सामने, अकरा गोल, तीन पिवळी कार्डं. तुम्ही म्हणताय साडेसहा महिने पत्ता नाही.”

नासारिओ आईच्या खुर्चीमागे कागदांची पिशवी धरून उभा होता. शनिवारी सोललेला गुडघा पँटच्या आत चुरचुरत होता. बोलायचं तर आत्ताच, हे त्याला कळत होतं. पण त्याने नुसती पिशवी दुसऱ्या हातात घेतली. आई मागे वळून बघेल असं त्याला वाटलं, पण तिने पडद्यावरून नजर काढली नाही.

“काहीतरी घोटाळा झालाय साहेब,” ती म्हणाली.

“असेलही. मग लीगकडून लेखी आणा, की मैदानावर खेळतोय तो हा मुलगा नव्हे. तोवर माझे हात बांधलेले आहेत. जो शनिवारी कागदावर हजर आहे, त्याला मी बेपत्ता कसा लावू?”

माणूस वाईट नव्हता. त्याने ओबदुलियाला पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला आला. बाहेरच्या बाकांवर छातीला फोटो लावलेल्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक जण जरा सरकली, पण ओबदुलिया बसली नाही. सान खासिंतोला परतणाऱ्या बसमध्ये दोन तासांत ती एकदाच बोलली. “खिडकी लाव, वारा लागतोय,” एवढंच. ती रागावली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर नासारिओला ते सोपं गेलं असतं.

लबाडी सुरू झाली ती अगदी साध्या बोलण्यातून. उरिएल एकोणीस वर्षांचा, साखर कारखान्याच्या कान्येरोस संघाचा पुढच्या फळीतला खेळाडू. हंगामाचे दोन सामने खेळला आणि सप्टेंबरात उत्तरेला निघून गेला. तीन ऑक्टोबरला अमेरिकेच्या सीमेवरच्या रेनोसाहून त्याचा फोन आला, की उद्या पलीकडे जातोय, पोचलो की कळवतो. त्याच आठवड्यात प्रशिक्षक बार्रादास मास्तर कारखान्याच्या वजनकाट्यावर आले. नासारिओ तिथे उसाच्या गाड्या मोजायचा.

“तुझ्या भावाचं कार्ड नुसतं पडून आहे,” मास्तर म्हणाले. “हंगामाच्या मधे नवा खेळाडू घेता येत नाही. तू ये. चेहरा तोच, आडनावं तीच. मिशी तेवढी काढ.”

“पंचवीस वर्षांचा आहे मी मास्तर. वयात बसत नाही.”

“कार्ड बसतंय ना वयात?”

नासारिओ हसला होता तेव्हा. त्याच्याही पायात खेळ होता एके काळी. पण एकोणिसाव्या वर्षी बाप गेला आणि त्याच्या जागी कारखान्यात कामाला लागावं लागलं. त्यानंतर सहा वर्षांत बॉलला पाय लावला तो फक्त गल्लीत. मास्तरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते, “सराव किती वाजता?”

या लीगमध्ये सामन्याआधी पंच हजेरी घेतात. खेळाडू ओळीने उभे राहतात, पंच हातातलं कार्ड बघून आडनाव पुकारतो, आणि ज्याचं त्याने आपलं नाव सांगून पाठ फिरवायची, नंबर दाखवायचा. सख्ख्या भावांची दोन्ही आडनावं एकच, बापाचं आणि आईचं. त्यामुळे फसवायचं ते फक्त एका शब्दाने. पहिल्यांदा “उरिएल” म्हणताना नासारिओ अडखळला होता. पाचव्या शनिवारी त्याला त्याचं काहीच वाटेना.

दर शुक्रवारी तो मिशी काढायचा. कारखान्याच्या जुन्या बसमधून संघ गावोगाव जायचा. कुठे मैदानात गवताऐवजी खडी, कुठे मधेच गाढवं शिरायची, कुठे बरोबरी झाली की जास्तीच्या एका गुणासाठी पेनल्टी मारेपर्यंत अंधारून यायचं. मैदानात पोरं त्याला “उरी” म्हणत, बसमध्ये “नासो.”

“एकोणीस वर्षांच्या पोराचे गुडघे असे कुरकुर वाजतात होय रे?” गोलरक्षक रुतिलिओ त्याला चिडवायचा. तो संघाचा कप्तान होता. “तेल घाल की जरा.”

आणि कधी कुणी विचारलं, की धाकटा कसा आहे तिकडे, तर नासारिओ म्हणायचा, “बरा आहे.” हे वाक्य त्याने किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. नोव्हेंबरपर्यंत त्याला स्वतःलाच ते खरं वाटत होतं. डिसेंबरात नाताळला फोन आला नाही, तेव्हा मात्र त्याची झोप उडाली. पण तोवर संघ गटात दुसरा होता, त्याचे सहा गोल झाले होते, आणि वजनकाट्यावर अनोळखी ड्रायव्हर त्याच्याशी हात मिळवायला खाली उतरत होते. इतकं सुख त्याला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. तेच त्याला खात होतं.

सोमवारी शहरातून परत आल्यावर तो थेट मास्तरांच्या घरी गेला. मास्तर अंगणात जाळ्या दुरुस्त करत बसले होते. नासारिओने कार्यालयातलं सगळं सांगितलं. मास्तरांचे हात थांबले.

“मला वाटलं तो तिकडे कमावतोय,” ते म्हणाले.

“सगळ्यांना तसंच वाटतं. मीच तसं सांगत आलोय. मास्तर, लीगला एक पत्र द्या.”

“पत्र दिलं की काय होईल ठाऊक आहे? वर्षभराचे गुण जातील. शनिवारी नुसती बरोबरी केली तरी आपण बाद फेरीत आहोत. नाही पोचलो तर कारखाना संघच बंद करणार, मॅनेजरनं तोंडावर सांगितलंय. रुतिलिओला बघायला वरच्या श्रेणीतली माणसं येतायत. बावीस पोरं आहेत, नासो.”

“आणि माझा भाऊ एक आहे.”

मास्तरांनी जाळीची एक गाठ ओढून घट्ट केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ. शनिवारी तू खेळू नकोस. पंच उरिएलला गैरहजर लावेल. पुढच्या सोमवारी तुम्ही जाऊन लिहून द्या, की पोरगा या आठवड्यात निघून गेला. तुझ्या आईचं कामही होईल आणि आपल्या पोरांचं वर्षही वाचेल.”

ऐकायला ते इतकं सरळ होतं की नासारिओला मान हलवावीशी वाटली. त्याने हलवलीही. मंगळवारी त्याने लीगच्या कार्यालयात स्वतः फोन करून पाहिला. तिथली मुलगी म्हणाली, क्लबच्या प्रतिनिधीच्या सहीशिवाय आम्ही काही घेत नाही, नाहीतर पंचाच्या अहवालात आलं तर घेतो. क्लबचे प्रतिनिधी म्हणजे मास्तरच.

गुरुवारी संध्याकाळी ओबदुलिया तव्यावर मक्याच्या तोर्तिया टाकत होती. नासारिओ चुलीपाशी बसला आणि त्याने मास्तरांची युक्ती तिला सांगितली. “कुणाचंच काही बिघडत नाही,” असंही वर जोडलं.

तिने तोर्तिया उलटली. “कुठून निघून गेला म्हणायचं?”

“इथून. या आठवड्यात.”

“म्हणजे त्याला इथल्या उसात शोधतील.”

नासारिओने चुलीतलं लाकूड आत सारलं.

“रेनोसाला कुणी विचारणार नाही. तिथल्या दवाखान्यात नाही, तुरुंगात नाही. आणि तिथे ऑक्टोबरात कुणी बेवारस सापडलं असेल तर...” ती थांबली. तिने हाताने तोर्तिया उचलून फडक्यात ठेवली, बोटं भाजली तरी. “इथे नाहीये तो, नासो.”

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. गळीत संपत आलं होतं, आता दिवसातून दोनदाच वाजायचा. नासारिओ जमिनीकडे बघत म्हणाला, “मला खेळायला आवडत होतं, आई. म्हणून मी बोललो नाही. पोरांसाठी वगैरे काही नाही.”

“माहितीये मला.”

“कसं?”

“मी दोनदा आले होते बघायला. कुंपणाच्या बाहेरून.” तिने मनगटाने कपाळ पुसलं. “बॉल घेऊन पळतोस तेव्हा तू त्याच्यासारखा दिसतोस, लांबून. आणि पंचानं पुकारलं की त्याचं नाव ऐकू यायचं. मला बरं वाटायचं ते ऐकून. म्हणून मीही गप्प बसले. तुला एकट्याला काय बोल लावू?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पुढची तोर्तिया थापत होती. तू अमुक कर, असं ती म्हणाली नाही. त्यालाही विचारायचं धाडस झालं नाही. दोघांनी मीठ लावून गरम तोर्तिया खाल्ल्या आणि तव्याखालचा जाळ विझू दिला.

शनिवारी दुपारी नासारिओ कपडे बदलायच्या खोलीत आला तेव्हा मास्तर चमकले. त्याने नऊ नंबरचा शर्ट घातला होता.

“ठरलं होतं ना आपलं?”

“खेळतो मास्तर.”

मास्तरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, मग त्यांचा चेहरा उजळला. गोल करणारा दुसरा कुणी त्यांच्याकडे नव्हताच. “शहाणा आहेस,” ते म्हणाले, “मग मिशी का नाही काढलीस? आठवडाभराची वाढलीय.” नासारिओने बुटाची नाडी बांधायला मान खाली घातली.

मैदानाभोवती गर्दी होती. कुंपणाच्या तारेबाहेर, शेंगदाणे विकणाऱ्याच्या गाडीशेजारी त्याला आई दिसली. पंच तरुण होता, चष्मेवाला, शाळेत शिकवणारा वाटावा असा. त्याने कार्डांचा गठ्ठा हातात घेतला आणि ओळीच्या टोकापासून सुरुवात केली.

“उएस्का तेपोले.”

नासारिओ एक पाऊल पुढे आला. त्याने एकदा कुंपणाकडे पाहिलं.

“नासारिओ,” तो म्हणाला.

पंचाने कार्ड पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. “इथे उरिएल आहे.”

“तो माझा धाकटा भाऊ. या हंगामात तो दोनच सामने खेळला, शेवटचा बारा सप्टेंबरला. त्याच्यानंतर या कार्डावरचे सगळे सामने मी खेळलोय. तीन ऑक्टोबरला त्याचा रेनोसाहून फोन आला, तेव्हापासून पत्ता नाही. हे सगळं अहवालात लिहा.”

“पोराला ताप आहे हो,” मास्तर धावत आले, “काहीही बरळतोय.”

“मला ताप नाही.”

पलीकडच्या संघाचा प्रतिनिधी तोवर वहीपेन घेऊन पोचला होता. पंचाने त्याला हाताने मागे सारलं आणि आवाज खाली आणला. “तुला कळतंय ना, मी हे लिहिलं की तुमचे सगळे गुण जातील? तुझ्यावरही बंदी येईल.”

“कळतंय. तारखा मात्र नीट लिहा.”

ओळीतून कुणीतरी आईवरून शिवी हासडली. कुणी म्हणालं, वर्षभराची मेहनत मातीत घातली हरामखोरानं. नासारिओ ते ऐकत उभा राहिला, कारण ते खरं होतं. रुतिलिओ हातमोजे काढत त्याच्यासमोर आला. मारणार असं वाटलं.

“मी विचारलं होतं तुला,” रुतिलिओ म्हणाला. “बसमध्ये, पाच-सहा वेळा. तू म्हणालास, बरा आहे.”

“हो.”

“माझ्या बाजूला बसून म्हणालास.” त्याचे डोळे भरून आले होते, संतापाने की कशाने, कळत नव्हतं. त्याने हातमोजे परत चढवले आणि वळून गोलाकडे चालू लागला. नासारिओशी तो पुन्हा कधी बोलला नाही.

पंचाने बाकावर बसून लिहिलं. दोनदा थांबून विचारलं, दोनदा नासारिओने सांगितलं. मग कागद त्याच्यापुढे धरला. नासारिओने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि खाली सही केली, सहा महिन्यांत मैदानावर पहिल्यांदा स्वतःच्या नावाची. शर्ट काढून त्याने मास्तरांच्या हातात दिला. मास्तर त्या शर्टाची घडी करत राहिले, वर बघितलंच नाही त्यांनी.

तो कुंपणापाशी आला तोवर मागे शिट्टी झाली होती आणि खेळ सुरू झाला होता. लोक त्याच्यापासून जरा बाजूला सरकले. ओबदुलिया तारेला धरून उभी होती.

“तारीख नीट लिहिली त्यानं?”

“लिहिली. मी वाचून घेतली. तीन ऑक्टोबर, रेनोसा.”

तिने मान हलवली. मग तार न सोडता ती हळूहळू खाली बसली, तिथेच, शेंगदाण्याच्या टरफलांत. इतके महिने तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता ती मोठ्याने रडत होती.