पांढरं रक्त

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. निर्मळ महाराजांनी काचेची नळी दिव्यासमोर धरली. तळाशी लाल रक्त, वर दुधासारखा पांढरा थर.

"बघा! हे काळजावर बसलेलं पाप! उद्यापर्यंत फक्त माझं पाणी. दुसरा कण नाही!"

दुसऱ्या सकाळी त्याच माणसाच्या नळीत वरचा थर पिवळसर, आरपार. टाळ्यांनी छत दणाणलं.

तो माणूस गावात रक्त-तपासणीची प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाईंचा थोरला भाऊ, धंद्यानं शिंपी. त्या संध्याकाळी बाईंनी त्याला गाठलं.

"दादा, रक्त काढायच्या आधी काय खायला दिलं होतं?"

"वाटीभर लोणी. सकाळी सातला. रक्त काढलं दहाला."

"मग पांढरं दिसणारच!"

"गिऱ्हाईक तुटेल म्हणून तुझ्या पोटात दुखतंय," दादा हसला. हृदयाच्या गोळ्या त्यानं महाराजांच्या शब्दावर केव्हाच फेकल्या होत्या.

पुढच्या सभेत बाई दोन नळ्या घेऊन उभ्या राहिल्या.

"दोन्ही माझ्याच रक्ताच्या. ही काल लोणी खाल्ल्यावर तीन तासांनी काढलेली, पांढरी. ही आज सकाळी उपाशीपोटी, नितळ. मध्ये प्यायले ते नळाचं पाणी! लोणी पाण्यात विरघळत नाही. म्हणून आतडं त्याचे बारीक थेंब प्रथिनांत गुंडाळून रक्ताकडे धाडतं. रक्त दुधाळ दिसतं ते त्यामुळे. काही तासांत स्नायू त्यातलं थोडं जाळतात, उरलेलं चरबीच्या पेशींत साठतं. रक्त आपोआप निवळतं. पण धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साचलेलं या नळीत दिसत नाही. गोळ्या सोडू नका!"

महाराज गोड हसले. "मुली, तुझ्या नळाला ज्या नदीचं पाणी येतं ना, तिला मी परवाच आशीर्वाद दिला."

पुन्हा टाळ्या. सगळ्यांत जोरात दादाच्या.

त्या सभेनंतर अकराव्या दिवशी तो शिलाई मशीनवरच कोसळला. सुईखाली अर्धी बाही तशीच राहिली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

बाईंनी वहिनीला जवळ घेतलं. वहिनी हुंदके देत म्हणाली, "काल चोरून चहा घेतला हो त्यांनी. महाराजांनी चहा बंद सांगितला होता, ते पथ्य मोडलं. महाराजांचा काय दोष?"



सभा अजून भरते. बाई दाराशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "पाणी हवं तर प्या, पण गोळ्या थांबवू नका. आणि चमत्कार दिसला, की एवढंच विचारा: बाबा नसता, तरी हे झालंच असतं का?"

लोक त्यांना वळसा घालून आत जातात.