तळ्याचं विरजण

रकाना सहा. तलावात जीव : निरंक.

ग्रामसेवक प्रफुल्लनं एवढं मोठ्यानं वाचलं आणि मथुराबाई कोरड्या तळ्याच्या भेगा ओलांडत त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. लिहिता यायचं ते फक्त स्वतःचं नाव. पण कान तिखट होते.

"निरंक म्हंजे काय, बाबू?"

"काहीच नाही, मावशी."

"कोनं पाह्यलं?"

सरपंच वामनराव हसले. "आता काय भिंग लावून पाहू? बेडूकबी गाव सोडून गेले, मथुराबाई. बारा दिवसांनी ग्रामसभा हाय, तिथं बोल."

मे महिना. मुकुटबनच्या बाजूचं गाव. भोयांची बावीस घरं, आणि दर पावसाळ्यात या तळ्यात जिरे, म्हणजे माशांची पिलं, वाढवून विकली की त्या घरांची चूल पेटायची. निरंकवर शिक्का बसला की तळं सरकारी तलावांच्या यादीतून जाणार. मग वर मुरूम, मुरमावर बाजाराचे ओटे.

मथुराबाईनं वाकून एक ढेकूळ उचललं आणि पदरात बांधलं.

(ढेकूळ कशाला? सासूनं शिकवलं होतं. नवा खड्डा खणला, पाणी भरलं, की लगेच जिरे सोडायचे नाहीत, उपाशी मरतात. आधी जुन्या तळ्याची पाटीभर माती टाकायची. तिला विरजण म्हणायचं. चार-पाच दिवसांत पाण्यात ठिपके नाचायला लागतात. ते नाचले की जिऱ्यांचं जेवण तयार.)

लोणच्याची काचेची बरणी. दिवस पहिला. ढेकूळ विरघळलं, पाणी चहासारखं.

दिवस दुसरा. चहा.

दिवस तिसरा. चहा. शेजारची जमनी डोकावून गेली. "मामी, साखर टाक थोडी."

दिवस चौथा. चहा. मथुराबाईनं बरणीला नाक लावलं आणि कपाळावर हात मारून घेतला. नळाचं पाणी! टाकीत ब्लीचिंग पडतं ते. सगळा जन्म तळ्यात गेला आणि विरजण लावलं औषधाच्या पाण्यात.

खोडा हे चार दिवस.

दिवस पहिला. नवं ढेकूळ, विहिरीचं पाणी.

दुसरा.

तिसरा.

चौथा.

पाचवा. तिनं बरणी उन्हाकडं धरली. एक ठिपका. उडी. थांबला. पुन्हा उडी.

"आला का रे," ती म्हणाली आणि तिथंच बसली.

सातव्या दिवशी बरणीभर नाच होता. आठव्या दिवशी ग्रामसभा.

"हे काय, लोनचं?" वामनरावांनी विचारलं. लोक हसले.

"तळं," मथुराबाई म्हणाली.

प्रफुल्लनं मोबाइलचा कॅमेरा काचेला लावला, चित्र मोठं केलं आणि बीएस्सीचा अभ्यास त्याच्या तोंडून आपसूक बाहेर पडला. "पाणपिसवा! साहेब, यांची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तळं मेलेलं नाही, झोपलेलं—"

"तू ग्रामसेवक हायस का मास्तर?" वामनरावांनी बरणी उचलली आणि सभेच्या ओट्यावरून खाली उपडी केली. तापलेल्या जमिनीनं पाणी पिऊन टाकलं. "घ्या. निरंक."

कोणी हसलं नाही. जमनीसुद्धा.

मथुराबाई खाली उतरली. ओली माती तिनं दोन्ही हातांनी गोळा केली, सावकाश, जणू सगळ्या गावाला वेळच वेळ होता. मग माती बरणीत घातली आणि बरणी वामनरावांसमोर परत ठेवली.

"नाचत होते ते मेले. पन सगळे एकदम उठत नसतात, वामनराव. काही मांगं राह्यतात, दुसऱ्या पान्यासाठी. तुम्ही किती डाव सांडता ते पाहू. मी तितके डाव पानी टाकीन."

मग मातीचाच हात तिनं प्रफुल्लपुढं केला. "पेन दे."

त्यानं दिला.

त्याच्यापुढच्या कागदावर, त्यानं बोट ठेवून दाखवलेल्या निरंकवर तिनं आडवी रेघ ओढली, इतकी दाबून की कागद फाटला. मग शेजारी, येत होतं ते लिहिलं.

रकाना सहा. तलावात जीव : मथुरा.

"आता हे खोडून दाखवा," ती वामनरावांना म्हणाली.

प्रफुल्लनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. फाटलेला कागद त्यानं तळहातानं सरळ केला आणि तिच्या नावाशेजारी शिक्का मारला.