छपरावरचा एल्क

अकरा वर्षं अर्ज केल्यावर मायतेंना सोडतीत एल्कच्या शिकारीचा परवाना लागला, तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या आणि मी त्यांचा जावई उरलो नव्हतो. त्यांची मुलगी इडोया आणि मी वेगळे होऊन तीन वर्षं झाली होती. आम्हाला एक मुलगा आहे. तरी निकाल लागला त्याच संध्याकाळी मायतेंचा फोन आला.

"रॉइस, तुझा ट्रक अजून चालतो ना? नोव्हेंबरचा पहिला आठवडा मोकळा ठेव."

येशील का, जमेल का, असलं काही नाही. मीही मुकाट्याने रजा टाकली.

माझ्या ट्रकच्या पाठीवर कॅम्पर बसवलेला आहे. म्हणजे एक बुटकी खोली, तिचं छप्पर प्रवासात खाली दाबलेलं असतं आणि मुक्कामाला पोचलं की आतून ढकलून दोन हात वर उचलायचं. पुढच्या आणि मागच्या बाजूला घडीच्या फळ्या असतात. फळी सरळ झाली की छप्पर तिच्यावर उभं राहतं. मदतीला चार कोपऱ्यांत गॅसचे दांडे, मोटारीच्या डिकीला असतात तसे. विकत घेतलं तेव्हा छप्पर एका हाताने उचललं जायचं. मग मी त्यावर सोलरचं पॅनेल बसवलं. नंतर सामानाची पेटी, त्यानंतर एक जादा चाक. दरवेळी जरा जास्त जोर लागायचा, आणि दरवेळी मी म्हणायचो, एवढं तर चालतं.

पाचव्या दिवशी सकाळी मायतेंनी एका गोळीत एल्क पाडला. सांबराच्या दुप्पट धूड. सोलून, तुकडे करून, कापडी पिशव्यांत भरून ट्रकपर्यंत आणता आणता पाच खेपा झाल्या आणि दुपार सरली. आत जागा नव्हती, म्हणून सगळं मांस मी छपरावर चढवून पट्ट्यांनी आवळलं. शेवटच्या खेपेला मायते शिंगं खांद्यावर घेऊन ओढा ओलांडत होत्या. पाय निसटला आणि त्या कमरेपर्यंत पाण्यात बसल्या. शिंगं मात्र सोडली नाहीत.

त्या ट्रकजवळ आल्या तेव्हा बर्फ पडायला लागला होता. कोरडे कपडे, बिछाना, शेगडी, सगळं कॅम्परच्या आत.

"आधी वरचं उतरवू या," त्या म्हणाल्या. दात वाजत होते.

मी पट्ट्या पाहिल्या. ओल्या पट्ट्यांवर बर्फ चढून त्या लाकडासारख्या कडक झाल्या होत्या.

"अर्धा तास जाईल त्यात. तुम्ही गारठताय. दोघांनी जोर लावला तर पाच मिनिटांचं काम आहे."

"तुझी पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. तू अर्धवट सोडलेलं स्वयंपाकघराचं कपाट अजून तसंच आहे म्हणते इडोया."

मी हसलो आणि बाहेरच्या कड्या सोडल्या.

मागची बाजू दोघांनी खांदा लावून उचलली. फळी खटकन सरळ झाली. मग मी वाकून पुढे गेलो, ट्रकच्या टपावर येतो त्या पलंगावर गुडघे टेकले आणि पुढच्या फळीला जोर लावला. छप्पर हललं. अर्धं आलं. पाऊण आलं. माझ्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. मागची बाजू वर गेली की छप्पर पुढे कलतं. डोक्यावर काहीतरी घसरत गेल्याचा आवाज झाला, ओल्या पोत्यासारखा. सगळं मांस पुढे आलं होतं. थंडीने गॅसचे दांडे आधीच लुळे पडलेले. उजव्या दांड्याचे स्क्रू फळीतून उपटून निघाले आणि छप्पर खाली आलं.

डावा हात मी काठावर टेकलेला होता. छपराची चौकट त्यावर बसली.

आधी दुखलंच नाही. हात दिसत नव्हता एवढंच. मनगट होतं, पुढे काही नव्हतं. मग दुखलं. मी काय ओरडलो आठवत नाही. मायते मागून "काय झालं, काय झालं" करत पलंगावर चढल्या.

"हात," मी म्हटलं. "हात अडकलाय."

त्यांनी छपराला दोन्ही हातांनी जोर लावला. मी उजव्या हाताने आणि पाठीने लावला. केसभरसुद्धा हललं नाही.

"वर चढून पट्ट्या कापते."

"नाही! शिडीवर बर्फ आहे. तुम्ही पडलात तर दोघंही इथेच. आणि तुमचं वजन वर आलं तर माझा हात उरणार नाही."

"मग काय करू ते सांग!"

ट्रकमध्ये मागच्या सीटखाली जॅक होता. ते सांगायला मी त्यांच्याकडे पाहिलं आणि थांबलो. मायते थरथरायच्या थांबल्या होत्या. ओठ निळसर झाले होते. नजर माझ्यावर होती, पण उशिरा पोचल्यासारखी. त्याचा अर्थ आमच्या भागात लहान मुलांनाही ठाऊक असतो. अंग कापायचं थांबलं की शरीराने हार मानायला सुरुवात केलेली असते.

"मायते, आधी कपडे बदला. पलंगाखालच्या पिशवीत माझे लोकरी कपडे आहेत."

"तुझा हात..."

"हात कुठे पळून जात नाहीये. बदला!"

इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी पिशवी ओढली. बोटं चालत नव्हती; बुटाची गाठ सुटेना तेव्हा सुरीने कापली.

"डोळे मीट."

"मिटलेत."

"तुझ्या विजारीत माझ्यासारख्या दोघी मावतील."

त्यांना थट्टा सुचली म्हणून मला इतका धीर आला की डोळ्यांत पाणी आलं. मग मी म्हटलं, "माझ्या उजव्या खिशात किल्ल्या आहेत. ट्रक सुरू करा, हीटर पूर्ण सोडा, पंधरा मिनिटं बसा. अंगात ऊब आल्यावर मागच्या सीटखालचा जॅक घेऊन या. त्याआधी आलात तर जॅक हातातून सुटेल आणि उपयोग होणार नाही."

"तुला असं सोडून?"

"असंच."

त्या गेल्या. इंजिन सुरू झालं, त्याची थरथर गुडघ्यांना जाणवली. फोनला रेंज नव्हती आणि सर्वांत जवळचं शेतघर तेवीस मैलांवर होतं. मी आकडे मोजू लागलो. साठपर्यंत मोजायचं, एक बोट मिटायचं. उजव्या हाताची पाचही बोटं तीनदा मिटून झाली. बाहेर अंधारत होतं. कोणी आलं नाही. मी हाका मारल्या. टपावर लाथा मारल्या. त्या बरोबर खालीच बसल्या होत्या, ऐकू जायलाच हवं होतं. उत्तर नाही. ऊब लागून झोप लागली असेल. झोप लागली तर एक वेळ बरं. झोप नसेल तर? मी इथे हाताने टांगलेला, आणि तीन फूट खाली माझ्या मुलाची आजी. मी पुन्हा लाथा मारल्या. अडकलेला हात मनगटातून तोडता येईल का, असाही विचार आला, आणि सुरी तर तिकडे दाराशी पडलेली.

चोविसाव्या मिनिटाला दार उघडलं.

"किती आपटतोस रे! गाढवासारखा. सीट अडकली होती, जॅक निघत नव्हता."

"ओ द्यायची ना!"

"डोकं सीटखाली होतं माझं."

त्यांच्या गालांवर रंग आला होता आणि अंग पुन्हा कापत होतं. चांगलं कापणं. मी सांगत गेलो, त्या करत गेल्या. गादी बाजूला सारून खालची कडक फळी मोकळी केली. जॅक बुटका होता, छपरापर्यंत पोचेना. खाली काहीतरी मजबूत हवं होतं. कोपऱ्यात त्यांचं बिडाचं जड पातेलं होतं, आदल्या दिवशीच्या मेंढीच्या रश्श्याने अर्धं भरलेलं.

"हे पालथं घाला आणि त्यावर जॅक."

"रस्सा कुठे ओतू?"

"बाहेर फेका!"

"अन्न आहे ते."

"मायते!"

त्यांनी तो बादलीत ओतला. एक थेंब सांडला नाही. पालथं पातेलं, त्यावर जॅक, जॅकच्या डोक्यावर पाव कापायचा लाकडी पाट. त्या दांडा मारू लागल्या. पाट छपराला टेकला, करकरला. माझ्या हातावरचा भार हलल्यासारखा झाला आणि तेवढ्यात पातेलं सरकलं. जॅक आडवा झाला. छप्पर पुन्हा बसलं. त्या वेळी मी जे ओरडलो ते त्यांनी नंतर कधी कोणाला सांगितलं नाही.

त्या तशाच बसून राहिल्या, जॅक मांडीवर. "मला नाही जमत, रॉइस."

"पातेल्याखाली ओला टॉवेल घाला. मग घसरणार नाही. तुम्ही पाच दिवस वाऱ्याकडे तोंड करून बसलात आणि एका गोळीत काम केलंत. त्यापेक्षा हे सोपं आहे."

"खोटं बोलतोस."

"हो. पण करा."

टॉवेल घातला. जॅक उभा केला. या वेळी त्या घाई न करता दांडा मारत होत्या. प्रत्येक वेळी थांबायच्या, पाटाकडे बघायच्या, पातेल्याला हात लावून बघायच्या. वर मांस कुरकुरत होतं. नखाएवढी फट दिसली. मग बोटाएवढी.

"काढ."

"अजून दोन."

"काढ म्हणते ना!"

मी हात ओढला. जाड चामडी हातमोज्यात होता म्हणून बोटं शाबूत दिसत होती, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझं ऐकत नव्हतं. मायतेंनी हातमोजा काढला नाही. लाकडाची पट्टी लावून वरून रुमाल बांधला आणि मला बाहेर काढलं. बर्फात आणि अंधारात रस्ता दिसत नव्हता, उजाडेपर्यंत निघणं शक्य नव्हतं. कॅम्परमध्ये त्या रात्री कोणी झोपलं नाही. ट्रकच्या सीटवर बसून, तासातासाने इंजिन चालवत, आम्ही गार पाव आणि चोरीसोचं मसालेदार सॉसेज खाल्लं. हात ठणकत होता, झोप नव्हती.

"मलाच का बोलावलंत?" मी विचारलं. "इडोयाचा नवा नवरा आहे की."

"त्याला पहाटे चारला उठवावं लागतं. तू आपणहून उठतोस." मग त्यांनी पावाचा एक तुकडा मोडून माझ्या उजव्या हातात ठेवला. "शिवाय घटस्फोट तिने घेतला. मला कोणी विचारलं नव्हतं."

उजाडल्यावर त्यांनी पट्ट्या कापल्या, पिशव्या एकेक करून खाली ढकलल्या आणि फरफटत आत नेल्या. मला हात लावू दिला नाही. चाकांना साखळ्या चढवून त्यांनीच ट्रक चालवला; एल्को गावातल्या इस्पितळात पोचेपर्यंत दहा वाजून गेले. दोन हाडं मोडली होती. दोन सळया घातल्या. करंगळी आता वाकत नाही.

कॅम्परच्या छपरावर आज काहीही नाही, आणि दांडे नवे आहेत.

नाताळच्या आधी मायते माझ्याकडे आल्या. मांसाची माझी वाटणी कागदात बांधून, प्रत्येक पुडक्यावर तारीख घालून आणली होती. त्यांनीच एक तुकडा भाजला आणि ताट माझ्यापुढे ठेवलं. मी उजव्या हातात सुरी घेतली, डाव्याने काटा धरता येईना. त्यांनी क्षणभर पाहिलं, ताट स्वतःकडे ओढलं, सगळ्या मांसाचे घासाएवढे तुकडे केले आणि परत माझ्याकडे सरकवलं.

"गार होतंय," त्या म्हणाल्या.