रनवेच्या पुढचं शेत

शिवगंगाला त्या दिवशी लातूरहून नांदेडला एकटीनं विमान न्यायचं होतं. पायलटच्या परवान्यासाठी असे एकट्याचे प्रवास करावे लागतात. उदगीरच्या मोंढ्यात धान्याची आडत असलेल्या गुरुबसप्पांची ती थोरली मुलगी. दोघांपुरती जागा असलेल्या त्या शिकाऊ विमानावर आता तिचा हात बसला होता.

रात्री परतीचा पाऊस झोडपून गेला होता आणि विमान उघड्यावर उभं होतं. तिनं टाकीखालच्या तोटीतून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत घेतलं. तळाशी पाण्याचा थेंब दिसला. नितळ पेट्रोल येईपर्यंत ती काढत राहिली. उमाशंकर सर बाजूला उभे होते. सर नांदेडचे. उभं आयुष्य पोरांना विमान शिकवण्यात गेलं होतं. उड्डाणाआधी ते नेहमी तेच विचारत.

"चढताना इंजिन गेलं तर?"

"नाक खाली. सरळ समोर उतरायचं."

"मागचा रनवे मोकळा दिसतोय. तरी?"

"तरी वळायचं नाही, सर. तेवढी उंची नसते. वळताना वेग जातो आणि विमान दगडासारखं खाली येतं."

असंच मागं वळताना सरांचा एक दोस्त गेला होता. त्याच्याबद्दल ते कधी बोलत नसत. प्रश्न मात्र कुणालाच चुकत नसे.

दुपारी पुन्हा ढग दाटणार होते, म्हणून घाई होती. रनवेच्या टोकापर्यंत जाऊन विमान फिरवून आणायला वेळ लागतो. छोट्या विमानाला अर्धा रनवेही पुरतो, म्हणून विमान शिकवणाऱ्या त्या शाळेतले सगळेच मधूनच उडत. "मधूनच निघते, सर," ती म्हणाली. सर म्हणाले, "जा."

विमान उठलं. रनवेचं टोक पायाखालून मागं गेलं आणि इंजिन दोनदा खोकलं. मग बंद पडलं. समोरचा पंखा नुसता वाऱ्यानं फिरत होता.

तिचा हात वळण्यासाठी हलला होता. तो तिनं आवरला. नाक खाली दाबलं. डावीकडं विजेच्या तारा होत्या. उजवीकडं विहीर आणि आंब्याची झाडं. समोर अर्धं कापलेलं सोयाबीन. तिनं समोरचं शेत धरलं. बरंच खाली आल्यावर तिला दिसलं की उभ्या पिकाच्या कडेला बाया बसून कापणी करत आहेत.

ती ओरडली. पण बंद काचेच्या आतून ते कुणाला ऐकू जाणार? त्या बायांना रोज डोक्यावरून जाणाऱ्या विमानांची सवय होती. आवाज आला की त्या वर बघत. या विमानाला आवाजच नव्हता.

तिनं जमेल तेवढं उजवीकडं ओढलं. एका बाईनं मान वर केली आणि बाकीच्यांना हाका मारल्या. सगळ्या पांगल्या. काठावरची कस्तुराबाई उठत होती. गुडघ्यांनी अधू असल्यामुळं तिला हात टेकून उठावं लागे. पंखाचं टोक तिला लागलं.

विमान चिखलात नाकावर गेलं. शिवगंगाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तशीच ती बाहेर पडली आणि सोयाबीनमधून धडपडत मागं गेली. बायांनी कस्तुराबाईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "इकडं येऊ नगंस," त्यातली एक म्हणाली. शिवगंगा तिथंच खाली बसली.

कस्तुराबाई लातूरच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी वारली.

चौकशी झाली. टाकीचं झाकण नीट बसत नव्हतं. पावसाचं पाणी आत गेलं होतं, आणि तोटीतून सगळं निघालं नव्हतं. इंजिन गेल्यावर शिकाऊ पायलटनं केलं ते बरोबर, असं सगळ्यांचं मत पडलं. शाळेतली मुलं दवाखान्यात येऊन शिवगंगाला शाबास म्हणून गेली. शाळेच्या वकिलानं बजावलं, "कस्तुराबाईच्या घरी जायचं नाही. एक शब्द बोलायचा नाही."

गुरुबसप्पांनी वकिलाचं ऐकून घेतलं. तो गेल्यावर मुलीला विचारलं, "तुझ्या मनात काय हाय?"

"जायचंय, अप्पा."

"मग जा. पण लपवाछपवी करायला जाऊ नको."

उमाशंकर सर तिला गाडीतून घेऊन गेले. अपघातानंतर त्यांनी शाळेतली नोकरी सोडली होती. श्रीमंत, कस्तुराबाईचा नवरा, ओसरीवर बसला होता. त्यानं बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. सर दाराशीच थांबले.

"काका, ते विमान मी चालवत होते."

"म्हाईत हाय." त्यानं तिच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडं बघितलं. "मला एकच सांग. मागं येवढा मोठा रनवे मोकळा पडला व्हता. तू मागं का न्हाई वळलीस?"

"वळले असते तर विमान कोसळलं असतं. मी मेले असते."

"आन् ती?"

शिवगंगानं मान खाली घातली नाही. "त्या वाचल्या असत्या."

"खरं बोललीस. सगळे म्हनून राहिले, पोरीनं लई हुशारी केली. मला कळंना, कशाची हुशारी?"

"काका, अजून एक आहे. मी रनवेच्या मधूनच उडाले. टोकापासून निघाले असते, तर इंजिन गेलं तेव्हा पुढं रनवे उरला असता. तिथंच उतरले असते. शेतापर्यंत विमान आलंच नसतं."

दाराशी सर पुढं सरकले. "मी तिला हो म्हणालो होतो. थांबवायचं काम माझं होतं."

"किती येळ वाचला?" श्रीमंतनं विचारलं.

"पाच-सात मिनिटं."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"वर्षाराणी आत हाय," तो शेवटी म्हणाला. "पोरगी माझी. नांदेडला नर्सिंग शिकती. आल्यापासून इचारून राहिली, आईला काय झालं, कसं झालं. मला सांगता येत न्हाई. तू जाऊन सांग तिला."

"त्यांना चालेल का?"

"चालंल का न्हाई, मला काय ठावं? सांग तू."

शिवगंगा आत गेली. तिच्याच वयाची मुलगी चुलीपुढं बसली होती. तिनं वर बघितलं आणि ही कोण ते ओळखलं. तव्यावरची भाकरी उतरवली, हाताचं पीठ पुसलं आणि भिंतीला टेकून बसली.

शिवगंगानं सगळं सांगितलं. पाऊस, पाण्याचा थेंब, अर्धा रनवे, तारा, विहीर. पंख कुठं लागला तेही सांगितलं, कारण वर्षाराणीनं ते विचारलं. आई शुद्धीत होती का, हेही तिनं विचारलं. काही बोलली का, तेही. शिवगंगाला यातलं काही ठाऊक नव्हतं. "मला जवळ येऊ दिलं नाही," ती म्हणाली.

वर्षाराणी रडली नाही. चूल विझत आली होती. तिनं काडी सारली नाही.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "मला नीट कळलं नाही. पहिल्यापासून सांगा."

शिवगंगा जमिनीवर बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.