सहाशे एकाहत्तरचं कुलूप

दशांशबाईंनी माझे साठ फॉर्म टेबलावर पसरले, डोळे मिटले आणि त्यातला एक उचलला.

"सहाशे एकाहत्तर," त्या म्हणाल्या. "चल, पडताळून येऊ."

सहाशे एकाहत्तर नंबरच्या घरात मी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं.

दशांशबाई म्हणजे आमच्या पर्यवेक्षक. टिंबानंतरचा आकडासुद्धा सोडत नाहीत, म्हणून आम्ही पोरींनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. टेकडीखालच्या वस्तीत कावीळ पसरतेय अशी ओरड झाली, तेव्हा पाहणीचं काम त्यांच्याकडे आलं आणि घरोघर फिरायचं माझ्याकडे. वस्तीत अठराशे घरं. सगळीकडे जायला महिना लागला असता, म्हणून नमुना म्हणून दर तिसावं घर घ्यायचं ठरलं. सुरुवात कुठून करायची, त्यासाठी एक ते तीसमधली चिठ्ठी काढली. अकरा आली. मग अकरा, एक्केचाळीस, एकाहत्तर, असं करत साठ घरं. साठात सहा घरी कावीळ निघाली, तर वस्तीला पाणी देणारी टाकी बंद करून टँकर लावायचे होते.

त्याच वस्तीत, बाराशे चार नंबरच्या घरात, माझी ताई राहते. सातवा महिना चालू होता. पोटुशीला कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, म्हणून ती थेंब न् थेंब उकळून प्यायची. दिवसभर शेगडीपाशी उभी. पाय सुजलेले. रोज मला फोन करून विचारायची, "काय गं मोजणीदार, झालं का तुमचं? की बाळाला शाळेत घातल्यावर सांगणार?"

ताईसाठीच मी घाई केली. नियम मला पाठ होता. घराला कुलूप असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं. तरी कोणी भेटलं नाही तर फॉर्मवर 'प्रतिसाद नाही' लिहायचं. शेजारचं घर घ्यायचं नाही, मरून गेलं तरी नाही. मला तो दशांशबाईंचा नेहमीचा हेका वाटला. शेजारी एकाच नळाचं पाणी पितात, मग या दारात काय आणि त्या दारात काय? सहा घरांना कुलूप होतं, एकाचं दार कोणी उघडलंच नाही. सातही वेळा मी शेजारचं दार वाजवलं. साठात दोनच घरी कावीळ निघाली. कच्चा आकडा हातात येताच मी ताईला फोन केला. "बंद कर ती शेगडी. पाणी चांगलं आहे." याला बारा दिवस झाले होते.

वाटेत बाई नेहमीसारख्या बोलत होत्या आणि माझं लक्ष नव्हतं. नोकरी जाणार, आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. आता बोलावं, पुढच्या वळणावर बोलावं, असं करता करता गल्ली आली.

सहाशे एकाहत्तरला कुलूप होतं. पायरीवर कित्येक दिवसांची वर्तमानपत्रं साचली होती.

शेजारच्या दारात शिलाईवाल्या काकू गळ्यात टेप घालून उभ्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "अगं, तू परत आलीस होय! त्या दिवशी खुर्चीवर ब्लाउज होते, म्हणून तुला स्टुलावर बसवलं."

दशांशबाईंनी आधी काकूंकडे पाहिलं, मग हातातल्या फॉर्मकडे. माझ्याकडे मात्र नाही. "या घरातले लोक कुठे गेलेत?"

"दवाखान्यात. तिघंही. कावीळ झालीय हो. तीन आठवडे होत आले. मुलगी तर अजून डोळे उघडत नाही म्हणतात."

नोकरी, आई, सगळं डोक्यातून एकदम गेलं. कुलूप होतं, कारण माणसं आजारी होती. जी धडधाकट होती ती घरी होती, दार उघडत होती, मला स्टूल देत होती. मी आजारी घरं वेचून बाजूला काढली होती आणि त्यांच्या जागी बरी घरं लिहिली होती.

"अशी किती?" बाईंनी विचारलं.

"एकच," माझ्या तोंडून निघून गेलं. मग शेगडीपाशी उभी ताई डोळ्यांसमोर आली. "नाही. सात. बाई, सात आहेत."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन काढलं आणि म्हणाल्या, "नंबर सांग."

आम्ही उरलेल्या सहा घरी गेलो. चालत नाही, जवळजवळ पळतच. एका घरचे लोक गावाला गेले होते. एका घरचा म्हातारा कानाने अधू होता, माझ्या हाका त्याला तेव्हा ऐकूच आल्या नव्हत्या. बाकी चारही घरांचे शेजारी एकच शब्द सांगत होते. दवाखाना. सहाशे एकाहत्तर धरून पाच. माझी दोन धरली की सात. बाईंनी तिथेच रस्त्यावर उभं राहून पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन लावला. "टाकी आत्ता बंद करा. उद्या नाही. चूक माझ्या कार्यालयाची आहे, ते नंतर बघू."

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "तुझी बहीण इथेच राहते ना?"

मी मान हलवली.

"मग इथे काय करतेस? पळ."

ताईने दार उघडलं. शेगडी बंद होती, पातेलं घासून पालथं घातलेलं. बारा दिवसांत तिच्या पायांची सूज उतरली होती. "किती घामाघूम झालीस!" म्हणत तिने माठातलं पाणी भरून ग्लास पुढे केला.

मी तो मोरीत ओतला. माठही उचलून ओतला. मग तिथेच खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

तिचा एक हात पोटावर होता.

"पण आमचं घर तुझ्या त्या नमुन्यात नव्हतं ना?" तिने विचारलं. तिला कुठेतरी सुटायला जागा हवी होती.

"नमुन्यात नव्हतं, ताई. पण नमुना ज्या घरांचा होता त्यांत होतं. सगळीच होती."

"दिसायला किती दिवस लागतात?"

"दोन आठवडे. कधी कधी दोन महिनेसुद्धा."

"तू हे शिकली आहेस. मग सांग, मला व्हायची शक्यता किती?"

साठात सात, हे मला येत होतं. त्यावरून अठराशे घरांत अंदाजे किती, हेही आलं असतं. पण समोर बसलेल्या एका बाईचं काय होणार, हे त्यातून काढता येत नाही. मला रडू फुटलं. "माहीत नाही गं. खरंच माहीत नाही."

तिने मला जवळ घेतलं नाही. चिडलीही नाही. उठून खिडकीच्या उजेडात गेली आणि बोटाने खालची पापणी ओढली.

"बघ. पिवळं दिसतंय का?"

मी अगदी जवळ जाऊन पाहिलं. "नाही."

"नीट बघितलंस?"

"हो."

"उद्या परत ये," ती म्हणाली. "आणि खोटं सांगू नकोस."