गावात वळलेला दोर

मी एक जुना दोर आहे. घायपातीच्या वाखाचा, मनगटाएवढा जाड. मला वळणाऱ्या कोंडीरामच्या थोरल्या लेकीला, विजयमालाला, पहिला मुलगा झाला त्या साली, म्हणजे १९७२ मध्ये, श्रीगोंद्याच्या बाजूच्या एका लहान गावात माझा जन्म झाला. मित्रांनो, दोर दोन वर्षांतच म्हातारा होतो, म्हणून मी जुना.

मला कोंडीराम आणि त्याची बायको चांगुणाबाई यांनी वळले. दोर वळणे हे त्यांच्या घराचे पिढीजात काम. शेतकऱ्यांना कासरे, दावी द्यायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचे, असा गावाचा रिवाज होता. त्या साली पाऊस झाला नाही. खळी झाली नाहीत, धान्य आले नाही. निम्मी वस्ती गाव सोडून गेली. कोंडीरामला दमा होता. परमुलखात उघड्यावर तो तगणार नाही, हे चांगुणाबाई जाणून होती.

अशात दुष्काळी कामातून गावची विहीर खोल करायचे ठरले. दगडांनी भरलेल्या पाट्या वर ओढायला दोर हवा होता आणि तो नगरच्या व्यापाऱ्याकडून येणार होता. चांगुणाबाई कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"सायेब, इहीर आमची, खोदनारी मानसं आमची. मग दोर कशाला नगरचा?"

"बाई, तुमचा दोर तुटला तर खालच्या माणसाचं काय?"

"खाली माझा भाऊ हाय. मी कच्चा दोर देईन व्हय?"

साहेब हसले. एक दोर करून आणा म्हणाले.

घायपात कुजत घालायला पाणी नव्हते. मग दोघांनी बांधावरची पाने ठेचून, खरवडून वाख काढला आणि मला वळले. साहेबांनी मला कप्पीवर चढवले, दगड टांगून पाहिले. मी टिकलो. मग त्यांनी भाव विचारला, तर कोंडीराम म्हणाला,

"गावच्या इहिरीला दोर दिला, सायेब. त्याचा भाव कुटं असतो?"

"भावाशिवाय सरकारी खरेदी कशी करू? मग व्यापाऱ्याकडूनच घ्यावा लागेल."

चांगुणाबाई नवऱ्याकडे वळली. "आवं, इहीर गावाची, पन दोर सरकार घेतंय. सरकार काय सुगीला पोतं घिऊन खळ्यावर येनार हाय?"

कोंडीरामलाही हसू आले. त्याने भाव सांगितला.

पुढे शेजारच्या गावांतल्या विहिरींसाठीही दोर सांगितले गेले. दोघांच्या हातांनी ते होण्यासारखे नव्हते. बौद्ध वस्तीतली भीमाबाई आली. मग एके दिवशी शेतवाल्या घरची मालनबाईही विहिरीजवळच्या लिंबाखाली दोर वळायला येऊन बसली. घायपातीच्या चिकाने हात खाजतात.

"वैनी, तुमचा हात ह्या कामाला?" भीमाबाईने टोमणा मारला.

"पोटाला कुटं कळतंय मी कोनाची सून ती? सरक तिकडं."

त्या एका लिंबाखाली अशी एकत्र बसलेली माणसे मी तोवर पाहिली नव्हती. दोर तितकेच लागले असते, व्यापाऱ्याकडून घेतले असते तरी. पण मग या घरांतल्या चुली पेटल्या नसत्या.

विहिरीला पाणी लागले. पुढच्या साली पाऊस झाला, दुष्काळी कामे थांबली. मला ग्रामपंचायतीच्या खोलीत टाकले. उंदरांनी माझा एक पदर कुरतडला. सुगी अजून लांब होती; गाव सोडावे लागले तर कोंडीराम कसा तगेल, ही काळजी चांगुणाबाईला पुन्हा लागली. तेव्हा ओव्हरसियरसाहेबांनी मला उचलून एका साखर कारखान्याच्या भांडारात नेले आणि म्हणाले, "उसाच्या गाड्या बांधायला दोर लागतातच ना? वर्षभर दगड ओढलेला हा बघा, आणि कुणाकडून घ्यायचे ते ठरवा." कारखान्याने दर हंगामाचे दोर त्या बायकांकडून घ्यायचे ठरवले. मी त्या भांडारातच एका खुंटीवर राहिलो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी शाळेसाठी, कुणी कचेरीसाठी, कुणी कारखान्यासाठी वस्तू विकत घ्याल. वस्तू चांगली आहे का, भाव रास्त आहे का, हे पाहाच. पण ती घेतल्याने कुणाच्या घरी काम पोचेल, हेही एकदा विचारा. आणि घेतलेली वस्तू उंदरांच्या हवाली करू नका.

दोर पोचवायला आलेल्या भीमाबाईकडून मला शेवटची बातमी कळली. कोंडीराम १९७४ सालच्या चैत्रात दम्याने वारला. आपल्या गावात, आपल्या घरात.