चेरीच्या पिंपातली साखर

गुरुवारी सकाळी रॅग्नहिल्डने शेडचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. सहा दिवस बुडबुडे सोडणारं चेरीचं पिंप गप्प होतं. तिने भांडंभर रस काढून साखर मोजायची काचेची कांडी त्यात सोडली. गोडी उतरायला हवी होती, पण कांडी कालच्यापेक्षा वर तरंगत होती. थेंब जिभेवर ठेवला, तर निव्वळ पाक.

शेडमागे साखरेच्या आठ रिकाम्या पिशव्या सापडल्या.

लोलँड बेटावरची ही बाग बापाने दोघा भावंडांच्या नावे ठेवली होती. झाडं आणि वाइन ती सांभाळायची, विक्री धाकटा आस्गर. तो स्वयंपाकघरात काळ्या पावावर खारवलेला हेरिंग मासा ठेवून सावकाश खात होता.

"साखर तू ओतलीस?"

"ओतली. लोकांना गोड हवी, कडक हवी. सांगून थकलो तुला."

"मी थोडी थोडी घालत होते. एवढी एकदम पडली की यीस्ट गुदमरतं."

"बाबा एकदमच ओतायचे."

"आणि बाबांची वाइन प्यायचं कोण? बाबाच."

आस्गरने बोटं पुसली. "तुझं यीस्टच मेलेलं होतं. खापर माझ्यावर फोडू नकोस."

तिने कोमट रसात नवं यीस्ट जागवलं, त्यात दर दोन तासांनी पिंपातली वाइन पळीपळीने मिसळली आणि शेवटी ते सगळं पिंपात ओतलं. चौथ्या दिवशी पिंपात पुन्हा हालचाल झाली. तिने दाराला कुलूप लावलं.

"माझ्याच शेडला कुलूप?"

"अर्धी तुझी आहे. ती अर्धी बाहेरून बघ."

पुढच्या आठवड्यात ती दाताच्या डॉक्टरकडे गेली, तेवढ्यात आस्गरने कुलूप कापून साठ बाटल्या भरल्या. वाइन अजून गोड होती, त्याला हवी तशी.

मारिबो गावच्या बाजारात ऊन चढलं आणि बाटल्यांची बुचं उडू लागली. एक बाटलीच फुटली. एल्सेबेथ नावाच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा तळहात चिरला.

"वाइन बहिणीची आहे, तिला विचारा," आस्गर जमलेल्या लोकांना म्हणाला.

बाजाराला आलेली रॅग्नहिल्ड गर्दीतून पुढे झाली. आधी तिने म्हातारीचा हात बांधला. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "आत साखर शिल्लक होती आणि यीस्ट जिवंत होतं, वायू होतच होता. तरी याने बुचं मारली. मला न विचारता, कुलूप तोडून."

उरलेली एकेक बाटली तिने उघडून गटारात ओतली. आस्गर टेबल आवरत राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

नोव्हेंबरात बागेत दोरी धरून झाडांच्या रांगा दोघांत वाटल्या गेल्या. दोघं बोलले ते फक्त मोजणाऱ्याशी. पिंपात उरलेली वाइन शेवटी साखर संपेपर्यंत आंबली, पण तिचा घशाला नुसता चटका बसायचा, चेरीचा वास कुठेच नव्हता. रॅग्नहिल्डने तिचं व्हिनेगर करायला टाकलं. आस्गरने त्यातलं अर्धं मागितलं, आणि तिने ते मापून दिलं.